सेवोची शिसारी

सेवेरियानला, म्हणजे सेवोला, सगळ्याचीच किळस यायची, आणि वाट्याला धंदा आला होता गाड्या दुरुस्त करण्याचा.

साम्त्रेदिया गावात रेल्वे फाटकावरून बाजाराकडे वळलं की उजव्या हाताला त्याचं घर. खांबांवर उभं, खाली मोकळं, आणि आवारात पत्र्याची शेड. बापही हेच करायचा. बाप मक्याची भाकरी मोडून पोरांच्या हातात द्यायचा, तेव्हा तुकड्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलेला असे. सेवो तो तुकडा मुठीत दाबून बाहेर जायचा आणि कोंबड्यांना टाकायचा. पण बाप गेला, हत्यारं राहिली, रेल्वेत नोकऱ्या उरल्या नव्हत्या, आणि सेवोला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून तो पिवळे रबरी हातमोजे घालून शेडमध्ये उभा राहिला तो राहिलाच.

गंमत अशी की या किळसेनंच त्याला नाव मिळवून दिलं. इंजिन उघडायचं म्हणजे घाणीत हात घालायचा. तो घालायचा नसेल, तर आत काय बिघडलंय ते बाहेरूनच कळायला हवं. त्या वर्षांत जर्मनीहून जुन्या गाड्यांची रीघ लागली होती, सगळ्या इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबानं इंजिनात फवारणाऱ्या. गावातल्या इतर मेकॅनिकांची त्या पाहून बोबडी वळायची. फाटकापलीकडचा मुर्ताझ तर अशी गाडी आली की आधी तिला कोंबडीसारखी सोलायचा आणि मग डोकं खाजवायचा. सेवो एक नटही ढिला करायचा नाही. दाबाचा गेज लावायचा, कान द्यायचा, नळी दाबून बघायचा, आणि लांबूनच बोट दाखवून सांगायचा, "हे गेलंय." बहुतेक वेळा तेच गेलेलं असायचं.

मुर्ताझ रबरी नळी तोंडात धरून टाकीतलं पेट्रोल ओढायचा आणि पचकन थुंकायचा. रस्त्यातून जाताना ते दिसलं की सेवोला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण एतेरी. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. सेवोचं का राहिलं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं: मुलगी बघायला गेला, मुलीच्या आईनं आपल्याच चमच्यानं त्याच्या ताटात मुरंबा वाढला, आणि हा उठून चालता झाला. एतेरीचं का राहिलं हे कुणी विचारलं नाही. ती परिचारिका. दवाखान्याला टाळं लागल्यापासून घरोघर जाऊन सुया टोचायची, म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची. गल्लीतले म्हणायचे, "एका घरात दोघं इंजेक्शनवाले. एक माणसांची, एक गाड्यांचा."

एतेरी कामावरून आली की सेवो तिला पायऱ्यांपाशीच थांबवायचा. कपडे तिथंच बदलायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, मग वर यायचं. वीज असो नसो, चुलीवर पाण्याचं पातेलं उकळत असायचं. सेवोचे टॉवेल, सेवोच्या उशीचे अभ्रे, सेवोची हातपुसणी. ते सगळं एतेरीच उकळायची.

त्या उन्हाळ्यात बोंदो आला.

बोंदो नदीपलीकडचा, वानी गावाच्या वरच्या डोंगरातल्या खेड्यातला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात अंथरुणाला खिळलेली आई. चीज आणि डुकराची पिल्लं आणून साम्त्रेदियाच्या बाजारात विकायचा. पोट पुढं, आवाज ढोलासारखा, शर्टाची बटणं कायम एक घर चुकलेली. गाडी त्याची लांबलचक जुनी ओपेल, मागं सामानाला जागा असलेली. ती आवारात शिरली तेव्हा तिच्याआधी वास शिरला. चीजचं आंबलेलं पाणी, ओला पेंढा, आणि पिल्लांनी प्रवासात जे करायचं ते.

"सेवो, माझ्या राजा!" असं ओरडत बोंदोनं त्याला मिठीच मारली आणि दोन्ही गालांवर ओठ टेकवले. लसूण, घाम, कालची वाईन. सेवो श्वास रोखून उभा राहिला. बोंदोची पाठ वळताच त्यानं रुमालानं गाल पुसले आणि रुमाल सरळ कचऱ्यात टाकला.

"काय होतंय गाडीला?"

"काय होत नाही ते विचार! सपाटीला पळते घोड्यासारखी. पुलापलीकडं चढ लागला की आचके देते आणि मरते. उतरून एक सिगारेट ओढावी, कुणाशी चार शब्द बोलावेत, की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. मुर्ताझनं पंप बदलला. फिल्टर बदलला. प्लग बदलले. आता म्हणतो इंजेक्शन काढून टाक, कार्ब्युरेटर बसवून देतो."

"मुर्ताझला म्हणावं, आधी स्वतःचं डोकं काढून टाक," सेवो म्हणाला. "गाडी धुऊन आण. मग बघतो."

"धुतलीये की!"

"कधी?"

बोंदोनं खरोखरच आठवून बघितलं. "ईस्टरला," तो म्हणाला.

सेवोनं हातमोजे चढवले. नाकाला रुमाल बांधला. बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी मक्याचं अर्धं कणीस, उंदरानं कुरतडलेलं. त्यानं ते चिमट्यानं उचलून फेकलं आणि इंजिनाला जाणाऱ्या नळीवर गेज जोडला. गाडी चालू केली. काटा जिथं असायला हवा तिथंच. दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची बारकी नळी काढली, काटा वर चढला, नळी आतून कोरडी ठणठणीत. म्हणजे तो शाबूत. गाडी बंद केली, दाब टिकून राहिला. म्हणजे इंजेक्टर गळत नव्हते. सगळं जागच्या जागी. उभी असताना गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

याचा अर्थ एकच होता, आणि तो कळताच सेवोचा चेहरा आंबट झाला. चढावर जावं लागणार होतं. या गाडीत बसून.

गेजची नळी लांब घेऊन त्यानं ती बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं बसवला, काटा आतून दिसेल असा. बसायच्या जागेवर त्यानं आपली धुतलेली चादर अंथरली. मागं पोत्यात दोन पिल्लं होती. बाजारातून परत चालली होती, कारण कुणी घेतली नव्हती. बोंदो सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत गाडी हाकत होता आणि सालं खिडकीबाहेर थुंकत होता. वारा अर्धी सालं आत आणत होता. एक सेवोच्या मानेवर चिकटलं. त्यानं डोळे मिटले.

"काय झालं? गाडी लागते का तुला?" बोंदोनं मायेनं विचारलं.

"रस्त्याकडं बघ."

"एतेरीताई म्हणत होत्या, तू लहानपणी पण असाच होतास."

"तुला काय माहीत ताई काय म्हणते?"

"आईला सुया द्यायला येतात ना. येताना-जाताना मीच सोडतो. आता डोंगरात बस कुठली?" बोंदोनं आणखी एक बी फोडली. "देवमाणूस आहेत."

सेवोनं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पूल मागं पडला होता, चढ सुरू झाला होता, आणि तो काट्याकडं बघत होता. दुसऱ्या वळणावर काटा थरथरला. मग दमलेल्या माणसानं मान टाकावी तसा खाली येऊ लागला. त्याच वेळी मागून पंपाचा आवाज बदलला, बारीक, केविलवाणा, रिकामं भांडं खरवडल्यासारखा. गाडीनं दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला, कुंपणातून घुसू नये म्हणून गळ्यात लाकडी त्रिकोण अडकवलेल्या एका डुकरिणीसमोर मेली.

"स्टार्टर मार!" सेवो खाली उडी मारत ओरडला. प्लगची वायर काढून बघितली, ठिणगी निळी, कडक. म्हणजे आग आहे, पेट्रोल नाही. टाकीचं झाकण उघडलं, आत हवा ओढल्याचा आवाज नाही. म्हणजे झाकणाचा दोष नाही. मग तो कुरकुरत, शिव्या देत, चादर रस्त्यावर अंथरून गाडीखाली शिरला आणि पंपाच्या अलीकडची नळी सोडली. टाकी भरलेली असताना तिथून धार लागायला हवी होती. म्हाताऱ्याच्या लघवीसारखं थेंब थेंब येत होतं.

"फुंक मार ना नळीत! मुर्ताझ मारतो," बोंदो वरून म्हणाला.

"मुर्ताझ गटारातलं पाणीही पिईल." सेवोनं टायरात हवा भरायचा पायपंप मागवला, नळीला जोडला आणि चार दणके दिले. टाकीत बुडबुड झालं. नळी काढताच धो धो धार लागली, त्याच्या बाहीवर, गळ्यात, कानात. तो तसाच ओलाचिंब बाहेर आला. तोंडावर शिसारी होती, पण डोळ्यांत समाधान.

"तुझ्या टाकीत काहीतरी पोहतंय," तो म्हणाला. "चढावर पेट्रोल मागं सरकतं, पंप जोरात ओढतो, आणि ते येऊन नळीच्या तोंडावर बसतं. गाडी बंद पडली की सुटून जातं. पंप चांगलाच होता. तू फुकट बदललास."

"काय असेल?"

"तुझ्या टाकीत काय असेल ते देवाला माहीत. मेलेला उंदीर असेल. पेट्रोल कुठून घेतोस?"

"रस्त्याकडेला, बरण्यांतून. सगळे घेतात तिथूनच."

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. सेवोनं पेट्रोल उपसलं. तळाशी गंजाचा चिखल, पेंढ्याच्या काड्या, माश्या. पेट्रोल मोजायच्या काट्याच्या भोकातून त्यानं तारेचा आकडा आत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिला. बोंदो शेजारी उभा राहून सल्ले देत होता. मग आकड्याला काहीतरी अडकलं. जड, लिबलिबीत. ओढलं तसं ते लांबत गेलं, आतड्यासारखं, तपकिरी, ठिबकत, आणि शेवटी चप्प आवाज करून सिमेंटवर पडलं.

सेवोला उमासा आला. तो शेडच्या खांबाला धरून उभा राहिला. मग काठीनं त्यानं ती वस्तू पसरली.

बाईचा लांब मोजा होता. जाड विणीचा, पायांच्या शिरा फुगतात त्यांनी घालायचा. टाचेला रफू केलेलं होतं, निळ्या दोऱ्यानं, कारण त्या वर्षी गावात तपकिरी दोरा मिळत नव्हता. हे सेवोला माहीत होतं, कारण तो दोरा त्यानंच आणून दिला होता. याचा जोडीदार रोज सकाळी त्याच्या डोळ्यांसमोर दोरीवर वाळत होता, एकटाच, आणि एतेरी म्हणाली होती की दुसरा वाऱ्यानं उडाला.

त्यानं मान वर केली. बोंदोचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता.

"सेवो भाऊ..."

"गाडी इथं ठेव आणि जा."

"ऐकून तरी घे—"

"जा म्हटलं ना!"

बोंदो गेला. पायी गेला. सेवो बादलीत हात बुडवून घासत बसला. साबण संपला तरी घासत होता. त्याला सारखं दिसत होतं ते पोट, ती बियांची सालं, ते ओले ओठ, आणि तिथंच कुठंतरी आपली बहीण.

एतेरी संध्याकाळी आली. पायऱ्यांपाशी सवयीनं थांबली, पिशवी खाली ठेवली, आणि मग तिला सिमेंटवर पडलेला मोजा दिसला. तिनं तो ओळखला. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"मिळाला वाटतं," ती म्हणाली.

"ताई, हा त्याच्या टाकीत होता."

"कळलं. त्या बरण्यांतलं पेट्रोल बघितलंस का? नुसता गंज. मी म्हटलं गाळून घाला. गाळायला काही नव्हतं, मी पायातला काढून दिला. फनेलवरून निसटून आत गेला. म्हटलं विरघळेल."

"नायलॉन विरघळत नाही."

"मला काय माहीत? मी माणसांची नर्स आहे."

"पायातला काढून दिलास," सेवो म्हणाला. "भर रस्त्यात. त्याच्यासमोर."

"मग काय करायला हवं होतं?"

"त्या माणसाच्या गाडीत उंदीर आहेत, ताई! तो हात धूत नाही. त्याच्या अंगाला डुकरांचा वास येतो. तू... तुला काही वाटत नाही? मला विचार करूनच ओकारी येते."

एतेरी पायरीवर बसली. तिनं बूट काढले, पाय चोळले. ती रागावलेली दिसत नव्हती. तिलाही कसलीतरी शिसारी आलेली दिसत होती.

"तुला माझीही येते," ती म्हणाली. "गेली कित्येक वर्षं मी या पायरीवर कपडे बदलते. हिवाळ्यातसुद्धा. मी हात लावलेला पेला तू पुन्हा धुतोस. मला दिसत नाही असं वाटतं तुला? तिथं गेले की त्याची म्हातारी आई माझा हात हातात घेऊन बसते. तो म्हणतो, बसा, जेवा. हात धुतले का असं मला कुणी विचारत नाही."

"विचारायला हवं!"

"हो, विचारायला हवं. घाणेरडी माणसं आहेत ती, खरंच आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात कोंबड्या फिरतात. मला पण आवडत नाही. मी आल्यावर झाडते." ती उठली. "आणि त्यानं मला विचारलंय. मी हो म्हटलंय. द्राक्षं उतरली की जाणार आहे. तुला सांगायला धीर होत नव्हता, कारण तू हे असंच तोंड करणार हे माहीत होतं."

सेवोला जे बोलायचं होतं ते सगळं त्याच्या तोंडावर होतंच.

एतेरीनं मोजा उचलला, चुलीवरच्या पातेल्यातलं उकळतं पाणी ओतून घेतलं, सोड्यात तो खळबळून काढला, पिळला, आणि दोरीवर दुसऱ्याच्या शेजारी टाकला. "अजून चांगला आहे," ती म्हणाली. त्या रात्री अंगणात पेट्रोलचा वास होता. सेवोनं खिडक्या लावून घेतल्या.

गाडी मात्र त्यानं पुरी केली. टाकी वाळू टाकून हलवली, धुतली, वाळवली, नवं रबर घालून बसवली. रागारागानं त्यानं गाडीचा आतला भागही धुऊन काढला. मागचा पेंढा खरवडला, सीटा उन्हात टाकल्या, खालच्या चटया जाळल्या. हे सगळं बोंदोवरच्या मायेनं नव्हे. त्या गाडीतून एतेरी जाणार होती. बोंदो न्यायला आला तेव्हा सेवो शेडमध्ये पाठमोरा उभा होता. "चढावर घालून बघ," एवढंच म्हणाला. गाडी चढावर गेली. वर पोहोचली.

द्राक्षं उतरली, एतेरी गेली. लग्नाच्या जेवणाला सेवो गेला नाही. पोट बिघडल्याचं कळवलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मग घर त्याच्या मनासारखं झालं. पायऱ्यांवर कुणी थांबत नव्हतं, पेला कुणी उष्टा करत नव्हतं. टॉवेल तो स्वतः उकळायला लागला आणि त्याला ते एतेरीपेक्षा चांगलं जमतं हेही त्याच्या लक्षात आलं. पण सरपण फोडायचं, पाणी ओढायचं, उकळायचं, पिळायचं, यात अर्धा दिवस जायचा. हातांना भेगा पडल्या. हे सगळं ती सुया देऊन आल्यावर करायची, हे त्याला पातेल्यापुढं उभं असताना सुचायचं आणि मग त्याला स्वतःचाच वीट यायचा. तो विचार तो बाजूला सारायचा, आणि पुढच्या पातेल्याला तो परत यायचा.

हिवाळ्याच्या शेवटी बोंदोची आई वारली. मयताला न जाणं सेवोलाही शक्य नव्हतं. तो बसनं पुलापर्यंत आणि पुढं चिखलातून चालत वर गेला. आवारात ताडपत्री लावली होती, खाली लांब टेबलं. पाऊस ठिबकत होता. माणसं एकाच तव्यातून भाकरी मोडत होती, नाकं पुसत होती, त्याच हातांनी एकमेकांचे हात दाबत होती. बोंदो दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. त्यानं सेवोला पाहिलं, मिठी मारायला हात पसरले, आणि मध्येच आठवून खाली घेतले.

"मेव्हणे, बसा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कोपऱ्यातली खुर्ची पुसून ठेवलीये. एतेरीनं सांगितलं होतं."

खुर्ची खरंच पुसलेली होती. कशानं पुसली असेल याचा विचार सेवोनं केला नाही. म्हणजे केला, पण बसला.

एतेरी ताट घेऊन आली. पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, त्यांना कोंबड्यांची घाण, केस विस्कटलेले. म्हातारीला तिनंच अंघोळ घातली होती, तिनंच नेसवलं होतं. ती त्याच्याशेजारी बाकावर टेकली, चिखलाच्या बुटांसकट, आणि हुश्श करून श्वास सोडला. सेवोला तिच्या अंगाचा वास आला. धूर, लसूण, औषध, डुकरं. त्याचं नाक आपोआप आक्रसलं. तिनं ते पाहिलं. तिनं पाहिलं, हे त्यानंही पाहिलं.

तो राजम्याची उसळ खाऊ लागला. भाकरीची हात लागलेली कड काळजीपूर्वक तोडली आणि बाकीची खाल्ली. थंड मासा, डोळ्यासकट, ताटाच्या काठाशी तसाच पडून होता.

"मासा का सोडलास?" एतेरीनं विचारलं.

"वास येतोय त्याला."

एतेरीनं वाकून हुंगून बघितलं. "येतोय," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटातून मासा बोटांनी उचलून, काटे थुंकत, खाऊन टाकला.

सेवोनं मान वळवली. पण ताट दूर सारलं नाही. उरलेली उसळ त्यानं हळूहळू, एकेक दाणा करत, संपवली.